तळ्यात उतरवायला माणूस नाही



उपवासकाळाच्या चौथ्या आठवड्यात, मंगळवारच्या मिस्सामध्ये योहानलिखित शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायाचे वाचन असते. यरुशलेममधले बेथेस्दाचे तळे, त्याभोवतीच्या पाच पडव्या आणि त्या पडव्यांमध्ये पडून असलेले आंधळे, लंगडे, लुळे लोक. त्यांच्यातला एक जण अडतीस वर्षांपासून आजारी होता. तुला बरे व्हायचे आहे का, असे प्रभू येशूने त्याला विचारले. प्रश्न किती सरळ! पण त्या माणसाने हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. त्याने गाऱ्हाणे सांगितले की, पाणी हलते त्या वेळी मला तळ्यात उतरवायला माझा म्हणून कोणी माणूस नाही. तळे चार पावलांवर होते. पाणीही होते.

त्याच मंगळवारी संध्याकाळी आपल्या समूहाची प्रार्थना एका घरी होती. जपमाळ झाली, वाचनावर चार शब्द बोलून झाले, आणि आपल्यातल्या एका बंधूने वर्तमानपत्रात वाचलेली गोष्ट काढली. एचआयव्हीची लागण होऊच नये म्हणून आधीच घ्यायची एक गोळी निघाली आहे. परदेशात ती नशेची इंजेक्शने घेणाऱ्या बायकांनाही देतात, आणि तरीही त्यांच्यातल्या कितीतरी जणी ती घेत नाहीत. बंधूने दोन प्रश्न विचारले. पहिला असा की, नशा चालूच ठेवणाऱ्या बाईला अशी गोळी देणे म्हणजे तिच्या पापाला हातभार लावणे नाही का? दुसरा अधिक रोखठोक होता. हातात दिलेली गोळी जिला गिळायची नाही, तिच्यासाठी आपण किती झुरायचे?

कोणी उत्तर दिले नाही. तेवढ्यात चहा आला आणि विषय मिरचीच्या भावाकडे वळला. दोंडाईच्यात तो विषय निघाला की दुसरा टिकत नाही, हे आपण सारेच जाणतो. पण ते दोन प्रश्न मी घरी घेऊन आलो. आपल्या धर्मगुरूंनी या पानासाठी काही लिहायला सांगितले तेव्हा तेच पुढे आले.

हा विषय आपल्या गावाशी कसा जोडला आहे, असे कोणी विचारील. आपल्याकडे सुईने नशा करणाऱ्या स्त्रिया डोळ्यांसमोर नाहीत हे खरे. पण आपल्या स्टेशनातून गाडी एका बाजूला सुरतेला आणि दुसऱ्या बाजूला भुसावळला जाते. मुंबई-आग्रा महामार्ग धुळे, शिरपूरवरून जातो. आपली मुले आणि लेकी पोटासाठी शहरात राहतात. २०२१ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. त्यांच्यापैकी चार लाखांच्या जवळपास एकट्या महाराष्ट्रात होते आणि दुसऱ्या कोणत्याही राज्यात एवढे नव्हते. खानदेशातल्या घरांनी हा आजार पाहिलेला आहे. ज्या घराने पाहिला, त्याने तो बोलून दाखवला नाही, एवढेच.

आधी गोळीविषयी. ती नवीन शोधून काढलेली वेगळी चीज नाही. एचआयव्ही झालेल्या रुग्णांच्या उपचारात जी औषधे वापरतात, त्यातलीच टेनोफोवीर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधे एका गोळीत असतात. लागण न झालेल्या माणसाने ती रोज घेतली, तर विषाणू शरीरात शिरला तरी त्याला तिथे आपली वाढ करता येत नाही. २०१२ साली अमेरिकेत तिला या वापरासाठी मान्यता मिळाली. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने, ज्यांना लागणीचा मोठा धोका आहे अशा सर्वांसाठी तिची शिफारस केली, आणि आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनेही २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. नियमित घेतल्यास लैंगिक संबंधातून होणारी लागण ती ९९ टक्क्यांच्या आसपास टाळते आणि सुईतून होणारी निदान ७४ टक्के. घेण्यापूर्वी एचआयव्हीची तपासणी करावी लागते आणि नंतरही दर तीन महिन्यांनी. सुईतून पसरणारी ‘सी’ प्रकारची कावीळ मात्र ती थांबवत नाही, त्यामुळे स्वच्छ सुईची जागा ती घेऊ शकत नाही. आणि सगळे गणित एका शब्दावर उभे आहे: रोज. डबीत राहिलेली गोळी कोणाचे रक्षण करीत नाही.

आता त्या स्त्रिया. नशेचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे पुरुषच येतो. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्द आली, ब्राउन शुगर आली, तेव्हा तिच्या विळख्यातले तरुण वर्तमानपत्रांतून दिसू लागले. १९८१ साली फादर जो परेरा यांनी वांद्र्याला कृपा फाउंडेशन सुरू केले. १९८६ साली पुण्यात अनिल आणि अनिता अवचट यांच्या प्रयत्नांतून मुक्तांगण उभे राहिले. १९९५ साली एल्ड्रेड टेलिस यांनी मुंबईच्या रस्त्यांवरच्या व्यसनी लोकांसाठी संकल्प संस्था काढली आणि जे अजून सोडू शकत नव्हते त्यांच्यापर्यंतही ती गेली. या कामांचे मोल मोठे आहे. पण देशभरातल्या बहुतेक केंद्रांची घडी पुरुषांना डोळ्यांपुढे ठेवूनच बसली. खाटा पुरुषांच्या, वेळ पुरुषांच्या सोयीची, दारात बसलेलेही पुरुषच. मुक्तांगणाला पुढे स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग काढावा लागला, तो काही हौस म्हणून काढला नसेल.

२०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशात साडेआठ लाख लोक सुईने नशा करीत असल्याचा अंदाज होता. या लोकांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण २०२१ च्या सरकारी पाहणीत नऊ टक्के निघाले. त्याच सुमाराला देशातील सर्वसाधारण प्रौढांमध्ये ते शेकडा पाव टक्काही नव्हते. ईशान्येकडच्या मिझोराम, नागालँड, मणिपूर या राज्यांत, जिथे ख्रिस्ती मंडळी मोठ्या संख्येने आहेत, हे दुखणे फार जुने आहे, आणि तिथे सुई घेणाऱ्यांत स्त्रियाही आहेत.

या स्त्रियांविषयी काम करणारे लोक एक गोष्ट सगळीकडे सांगतात, मग गाव मणिपूरचे असो की अमेरिकेतले. पुष्कळ जणींना पहिली सुई नवऱ्याने किंवा सोबत्याने टोचलेली असते. पुढेही माल तोच आणतो, सुई तोच भरतो, आधी स्वतःला टोचतो आणि मग तिला. आपल्या घरांत आधी पुरुषांचे ताट आणि मग बाईचे, ही रीत आपल्याला इतकी सवयीची की तिच्यात काही वावगे दिसत नाही. त्या अंधाऱ्या खोलीतही तीच रीत चालते. उष्ट्या ताटाने पोट तरी भरते, उष्ट्या सुईतून मात्र रोग येतो. त्यात नशेसाठी पैसे हवेत म्हणून शरीर विकावे लागले, तर धोका दोन वाटांनी येतो.

तेव्हा पहिला प्रश्न. तिला गोळी देणे म्हणजे पापात सहभाग का?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या ख्रिस्तसभेतच त्यावर ओढाताण झालेली आहे. १९९९ साली ऑस्ट्रेलियात सिडनी शहरात सिस्टर्स ऑफ चॅरिटी या धर्मभगिनी एक केंद्र चालवायला तयार झाल्या होत्या. व्यसनी माणसाने आपली नशा तिथे येऊन परिचारिकेच्या देखरेखीखाली टोचून घ्यायची, म्हणजे तो गटारात मरून पडणार नाही, अशी कल्पना होती. रोममधून सांगणे आले की यात भाग घेऊ नये. सिस्टरांनी आज्ञा पाळली आणि माघार घेतली. २००१ साली ते केंद्र दुसऱ्या एका ख्रिस्ती पंथाने, युनायटिंग चर्चने, सुरू केले. याउलट २०१० साली अमेरिकेतील ऑल्बनी धर्मप्रांतात तिथल्या महागुरूंच्या पाठिंब्याने कॅथलिक चॅरिटीजनेच व्यसनी लोकांना जुनी सुई घेऊन नवी स्वच्छ सुई देण्याचे काम हाती घेतले. दोन्हीकडे श्रद्धाळू, शहाणी, प्रार्थना करणारी माणसे होती. वाईट कृत्यात नकळत किंवा दुरून होणारा सहभाग कुठवर चालतो, याच जुन्या नीतिशास्त्रीय प्रश्नावर दोन्हीकडे विचार झाला आणि उत्तरे वेगवेगळी आली.

मला वाटते, गोळीचा प्रश्न या दोन्हींपेक्षा सोपा आहे. सुई हे नशेचे साधन आहे, म्हणून तिच्याविषयी मन कचरते. गोळीने नशा चढत नाही आणि नशा करणे सोपेही होत नाही. ती गर्भधारणा रोखत नाही, त्यामुळे कुटुंबनियोजनाविषयी ख्रिस्तसभेची जी शिकवण आहे, तिचा प्रश्नच इथे येत नाही. ती एका रोगाला दाराबाहेर ठेवते, इतकेच तिचे काम. गोवराच्या लशीसारखे.

‘पण भीती गेली की बाई मोकाट सुटेल,’ असे म्हणणारे भेटतात. मी त्यांना वरचा नऊ टक्क्यांचा आकडा पाहायला सांगेन. मरणाची भीती सुई सोडवू शकली असती, तर तो आकडा इतका वर गेलाच नसता. व्यसनाच्या तडाख्यात सापडलेल्या माणसाला भीती नसते असे नाही. भीती असते आणि हातही थांबत नाही, म्हणून तर त्याला व्यसन म्हणतात. आपला धर्मशिक्षणग्रंथ नशेला गंभीर अपराध म्हणतो आणि त्यात पाणी घालत नाही. पण तोच ग्रंथ असेही शिकवतो की सवय, भय, दडपण यांमुळे माणसाच्या कृतीची जबाबदारी कमी होऊ शकते. नवऱ्याच्या हातची सुई घेणारी बाई यांतल्या कोणत्या शब्दात बसत नाही, ते मला कोणी सांगावे.

शिवाय हा नुसता तर्क राहिलेला नाही. थायलंडच्या राजधानीत, बँकॉकमध्ये, २००५ ते २०१२ या काळात १७ व्यसन-उपचार दवाखान्यांत सुईने नशा करणाऱ्या २,४१३ लोकांवर अभ्यास झाला. त्यात टेनोफोवीर ही एकच गोळी वापरली होती. ज्यांना खरी गोळी दिली, त्यांच्यात लागण निम्म्याच्या आसपास कमी झाली. स्त्रियांमध्ये ती पाऊण हिश्शाहून अधिक कमी झाली. आणि अभ्यासाच्या काळात सुई घेणाऱ्यांचे व वाटून घेणाऱ्यांचे प्रमाण वाढले नाही, उलट घटले. दर महिन्याला कोणीतरी आपले नाव घेऊन विचारपूस करतो, रक्त तपासतो, जगायला सांगतो, याचाही तो परिणाम असावा, असे मला वाटते. (या अभ्यासात स्वच्छ सुया दिल्या नव्हत्या, त्याबद्दल टीका झाली आणि ती रास्त होती. रोगापासून वाचवायला निघालेल्यांनी निम्म्या वाटेवर हात का आखडावा?)

पुन्हा तळ्याकाठी जाऊ. त्या आजारी माणसाला प्रभूने आधी उठवले. तू कसे वागत होतास, पुढे कसा वागशील, हे आधी विचारले नाही. नंतर मंदिरात तो भेटला, तेव्हा यापुढे पाप करू नकोस असे बजावले. दोन्ही गोष्टी शुभवर्तमानात आहेत आणि कोणती आधी, कोणती नंतर, हेही तिथे स्पष्ट आहे. आपण मात्र क्रम उलटा लावतो. आधी सोड, मग ये. आधी शुद्ध हो, मग औषध. उधळ्या पुत्राचा बाप मुलाने पाठ करून आणलेली क्षमायाचना पुरती ऐकूनही घेत नाही, नोकरांना झगा आणायला सांगतो. त्या बापापुढे आपण फार हिशेबी दिसतो.

एक साधी गोष्ट आठवा. एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईचे मूल वाचावे म्हणून सरकारी दवाखान्यात औषध देतात. त्या बाईला लागण कशी झाली, तिची चूक की नवऱ्याची, याची चौकशी करून मग औषध द्यावे, असे आपल्यापैकी कोणी कधी म्हटले आहे का? पोटातल्या बाळासाठी आपण लगेच दयाळू होतो. ते बाळ वाढून वीस वर्षांची वाट चुकलेली मुलगी झाले, की आपली दया तिच्याकडे दाखला मागते.

दुसरा प्रश्न मला अधिक छळतो. गोळी दिली तरी ती घेत नाही, त्याला आपण काय करणार?

असे खरोखर घडलेले आहे. आफ्रिकेत केनिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांत दोन हजारांहून अधिक स्त्रियांना ही गोळी देऊन अभ्यास केला गेला. त्या नशा करणाऱ्या नव्हत्या, साध्या घरांतल्या तरुण बायका होत्या. २०११ साली तो मध्येच थांबवावा लागला, कारण गोळीचा गुण दिसेना. विचारले तर जवळजवळ सगळ्या जणी म्हणत, हो, आम्ही घेतो. रक्त तपासले, तेव्हा निम्म्या जणींच्याही रक्तात औषध सापडले नाही. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या पाच हजार स्त्रियांच्या दुसऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली आले. तिथेही हेच. तोंडाने हो आणि रक्तात नाही.

का घेतल्या नाहीत, हे मग त्यांच्याशी बसून विचारले गेले. काहींना पोटात मळमळ होई, काहींना औषधाची भीती वाटे. पण एक कारण पुन्हा पुन्हा आले. ही गोळी एचआयव्हीच्या रुग्णांची म्हणून ओळखली जाते. घरात डबी सापडली, तर नवरा म्हणेल तुला रोग आहे, सासू म्हणेल तू बाहेरख्याली आहेस, शेजारीण विहिरीवर सांगेल. रोग न होण्यासाठी घ्यायच्या गोळीने रोगी ठरायचे! मग बाई हिशेब करते. रोग होईल की नाही ते पुढचे पुढे. बदनामी मात्र आजच होणार. नशा करणाऱ्या बाईच्या बाबतीत या हिशेबात आणखी आकडे येतात. दवाखान्यात गेले तर पोलिसांना कळेल का, मुले काढून घेतील का, परिचारिका सगळ्यांसमोर ओरडेल का. आणि जो सुई भरतो, त्याला ही गोळी दिसली तर तो काय करील.

हे वाचताना मला आमची मोठी माय आठवली. तापीकाठच्या आमच्या गावी, पंचवीस-एक वर्षांपूर्वी, तिला क्षय झाला. तेव्हा आठवड्यातून तीन दिवस दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर गोळ्या घ्यायची पद्धत नुकतीच आपल्याकडे आली होती. औषधाची पेटी रुग्णाच्या नावाची असे. मोठी मायला त्या पेटीवरच्या नावाचीच धास्ती. घरात लग्नाची मुलगी होती. क्षयाचे घर म्हटल्यावर सोयरीक कोण जुळवणार? ती ठरल्या दिवशी दवाखान्यात जायची टाळू लागली. कधी शेतातले काम, कधी पाहुणे. विनवण्या करून गोळ्या घरी आणल्या, तर त्या मिरचीच्या बरणीमागे जाऊन पडत. आम्ही घरचे तिला हट्टी म्हणायचो. शिकलेल्या मंडळींनी अडाणी म्हटले. मीही म्हटले. ती काय टाळते आहे, हे आमच्यापैकी कोणी विचारले नाही, कारण ते विचारले असते तर उत्तर आमच्याकडे बोट दाखवणारे निघाले असते. तिच्या आजाराची कुजबुज बाहेर नेणारे घरातलेच होते.

मिशनच्या दवाखान्यातल्या एका सिस्टरच्या ते लक्षात आले. त्या रागावल्या नाहीत. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्या स्वतः सायकलवरून येऊ लागल्या. पेटी आणायच्या नाहीत, गोळ्या रुमालात आणायच्या. ओसरीवर बसायच्या, पाणी मागायच्या आणि आधी स्वतःची रक्तदाबाची गोळी तोंडात टाकायच्या. मग म्हणायच्या, ‘चल आजी, आता तुझी पाळी.’ पाहणाऱ्याला दोन म्हाताऱ्या बायका गोळ्या खात बसलेल्या दिसत. सहा महिने हे चालले. मोठी माय बरी झाली आणि त्यानंतर नातवंडांची लग्ने पाहून गेली. तिला तळ्यात उतरवणारे माणूस भेटले होते. घर माणसांनी भरलेले होते, पण ते माणूस बाहेरून यावे लागले.

बँकॉकच्या त्या अभ्यासाचा तपशील वाचताना मी म्हणूनच थबकलो. तिथे लोकांना दोन पर्याय दिले होते. महिन्याच्या गोळ्या घरी न्याव्यात, किंवा रोज दवाखान्यात यावे आणि परिचारिकेसमोर गोळी घ्यावी. रोज येणे किती त्रासाचे! तरीही बहुतेकांनी बहुतेक काळ तोच मार्ग पत्करला. ज्यांना बेजबाबदार म्हणून आपण सोडून देतो, ती माणसे रोज एका दारापर्यंत चालत गेली, कारण त्या दारात त्यांना हाकलत नव्हते.

आपल्या देशातलाही दाखला आहे. कोलकात्यात सोनागाची येथे दुर्बार महिला समन्वय समिती आणि म्हैसूरला अशोदया समिती या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या स्वतःच्या संघटना आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांनीच ही गोळी आपल्या सोबतिणींना देण्याचा प्रयोग राबवला. दोन्हीकडे मिळून तेराशेच्या आसपास स्त्रिया त्यात होत्या. गोळी सुरू करण्याआधी महिनोन्‌महिने बैठका झाल्या, शंका ऐकल्या गेल्या, अफवांना उत्तरे दिली गेली. घरी जाऊन आठवण करून देणारी बाई त्यांच्यातलीच असे. तिच्यापासून लपवायचे काही नव्हते. प्रयोगाच्या काळात त्यांच्यातल्या एकीलाही लागण झाली नाही. आफ्रिकेतल्या त्या घरंदाज तरुणींना जे जमले नाही, ते या बायकांना जमले. यात इभ्रतीची तुलना करायची झाली, तर आपणच ओशाळे होऊ.

२०२४ साली आणखी एक बातमी आली. लेनाकापाविर नावाचे इंजेक्शन निघाले आहे. ते सहा महिन्यांतून एकदा घ्यायचे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात २,१३४ तरुण स्त्रियांना ते दिले आणि अभ्यासात त्यांच्यापैकी एकीलाही लागण झाली नाही. २०२५ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आनंदाची गोष्ट आहे आणि ते गरिबाला परवडेल अशा किमतीत लवकर यावे. पण या आनंदात मला एक कडू घास लागतो. हे इंजेक्शन इतके सोयीचे का? घरात डबी ठेवावी लागत नाही म्हणून. कोणाला काही दिसत नाही म्हणून. शास्त्रज्ञांनी विषाणूवर औषध शोधता शोधता शेजाऱ्याच्या नजरेवरही उतारा शोधला. ती नजर कोणाची आहे? तुमची आणि माझी. रविवारी मिस्सानंतर आवारात उभे राहून आपण कोणाच्या मुलीविषयी काय बोलतो, ते त्या औषधाच्या किमतीत कुठेतरी धरलेले आहे.

याचा अर्थ सगळा दोष समाजाचा आणि त्या बाईचा काहीच नाही, असे मी म्हणत नाही. ती माणूस आहे, तिला इच्छाशक्ती आहे, तिच्या निवडीला अर्थ आहे. नशेतून बाहेर पडणे हेच तिचे खरे कल्याण आहे आणि तिच्या कानांवर ते कोणीतरी प्रेमाने घालत राहिले पाहिजे. मेलेल्या माणसाला मात्र व्यसनमुक्ती केंद्रात नेता येत नाही. ‘गोळी घेत नाही’ हे वाक्य आपण उच्चारतो, तेव्हा त्याचा कर्ता एकटी ती नसते, एवढेच माझे म्हणणे. त्या वाक्यात नवरा आहे, दवाखान्याच्या खिडकीत बसलेला माणूस आहे, आपण आहोत. पापनिवेदनाला जाताना आपण जे केले ते सांगतो. दुसऱ्याच्या हातातली गोळी आपल्या बोलण्यामुळे डबीत परत गेली, तर ते पाप कोणत्या आज्ञेखाली सांगायचे? मी पाचवी आज्ञा धरतो.

आपल्या देशाच्या कायद्याने या बाबतीत काही पावले टाकली आहेत. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. कोणाचा आजार उघड करता येत नाही. धोका कमी करण्यासाठी स्वच्छ सुई किंवा नशेऐवजी औषध देणे हा गुन्हा धरला जात नाही. भारतातल्या आपल्या महागुरूंच्या परिषदेने तर २००५ सालीच एचआयव्हीविषयी धोरण जाहीर केले होते आणि त्याच्या शीर्षकातच करुणा आणि सेवा हे शब्द होते. कायदा आणि धोरण ओसरीवर येऊन बसत नाहीत, ही अडचण आहे.

कोणाला गरज असेल म्हणून सांगून ठेवतो. एचआयव्हीविषयी काहीही विचारायचे असल्यास १०९७ आणि व्यसनाविषयी १४४४६ हे सरकारी क्रमांक आहेत, त्यांना पैसे पडत नाहीत. सुई टोचली गेली किंवा जबरदस्ती झाली, तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठावे. लागण टाळण्यासाठी २८ दिवसांचे औषध असते आणि जितक्या लवकर सुरू होईल तितके चांगले. एकटे जायला धीर होत नसेल, तर आपल्यापैकी कोणालाही सोबत मागा. कशासाठी, हे सांगायची गरज नाही.

पुढच्या मंगळवारी समूहाची प्रार्थना आमच्या घरी आहे. ज्या बंधूने ते दोन प्रश्न विचारले, त्याला खास निरोप धाडला आहे. त्या दिवशी चहा जरा उशिराच येईल.